दयेचे मोल कोणी द्यावे?

कृष्णेच्या काठी, भिलवडीजवळच्या एका गावी माझ्या आत्याचे घर आहे. सांगली जिल्ह्यातल्या या पट्ट्यात मगरी पुष्कळ. थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि पाहुण्याला मोठी मौज वाटते. मीही एकदा अशीच मौज पाहत उभा होतो. एक बाई धुण्याचे बोचके घेऊन आली, पाण्याकडे टक लावून पाहिले आणि घाटाच्या वरच्याच पायरीवर बसली. मी शहाणपणाने म्हणालो, "मावशी, मगरीला मारायची बंदी आहे बरं का! १९७२ चा कायदा आहे."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मगरीला सरकार हाय. मला कोन हाय?"

या काठावर मगरीने माणसे नेलेली आहेत. त्यामुळे तिच्या प्रश्नाला हसून उत्तर देता येईना. तो प्रश्न मी घरी घेऊन आलो.

पुढे मालवणला गेलो, तेव्हा तोच प्रश्न समुद्राच्या काठी भेटला. तिथे मोरीचे, म्हणजे मुशीचे, कालवण मी मिटक्या मारीत खाल्ले. पानात आलेले ते पिलू होते, हे मागाहून कळले. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते. मुशीचे तसे नाही. तिच्या पुष्कळ जाती उशिरा वयात येतात, कित्येक महिने गर्भ वागवतात आणि मोजकीच पिले देतात. सुमारे ४० कोटी वर्षे समुद्रात टिकलेले हे कूळ यांत्रिक बोटींच्या जाळ्यांपुढे टिकत नाही, ते यामुळेच.

२००१ साली मुशी आणि पाकट यांच्या काही जातींना आपल्या देशात वाघाइतके संरक्षण मिळाले. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ सालीच जाहीर झाले होते. पण कोळ्यांचा विरोध झाला आणि ते बरेचसे कागदावरच राहिले. आपण लगेच म्हणतो, "अडाणी लोक!" पण सातारा-सांगलीच्या माणसाने असे म्हणताना जरा थांबावे. १९८५ साली चांदोलीचे अभयारण्य झाले आणि पुढे जंगलातली गावे उठली. वाघाला जागा झाली ही चांगलीच गोष्ट. पण पिढ्यान्‌पिढ्यांची चूल कोणाची विझली? आपली खासच नव्हे.

मुशीला का वाचवावे? ती समुद्राचा समतोल राखते, हे उत्तर खरे आहे. पण पुरेसे नाही. उपयोगासाठी जगू दिलेला जीव उपयोग सरताच मारला जाईल. मला दुसरे कारण पटते. जे आपल्याला पुन्हा घडवता येत नाही, ते मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र हे तत्त्व मान्य केले की त्याचे मोलही मान्य करावे लागते. आणि आपण करतो काय, तर तत्त्व स्वतःकडे ठेवतो आणि मोल घाटावरच्या बाईकडे पाठवतो.

गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची, त्या ठिपक्याठिपक्यांच्या अजस्र माशाची, एके काळी सर्रास शिकार होई. मग मोरारीबापूंनी तिला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटले, आणि कोळी स्वतःची जाळी कापून तिला सोडू लागले. ही ममता मोठीच. पण जाळे कापले की कोळ्याची मिळकतही कापली जाते. महाराष्ट्राने २०१८ साली अशा फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई ठरवली, तेव्हा दयेचा थोडा खर्च सर्वांच्या खात्यावर पडला. मला त्या निर्णयात धर्म दिसतो.

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो. दूध देणाऱ्या गाईला ओवाळणे सोपे आहे. जी काहीच देत नाही, उलट भय देते, त्या मगरीला आणि मुशीला जगू देणे अवघड आहे. मग त्या अवघडपणातला आपला वाटा कोणता? आत्याच्या गावी धुण्यासाठी सुरक्षित घाट बांधायचा, तर त्याची वर्गणी शहरातल्यांनीही द्यावी. घाट चढून बर्फातून आलेली पिलाएवढी मुशी बाजारात दिसली, तर ती घेऊ नये. मी अलीकडे घेत नाही. जीभ अजून कुरकुरते. पण त्या बाईला द्यायला माझ्याजवळ आज तरी एवढेच उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे हे मला ठाऊक आहे.