पाल

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या चिंचवडच्या घरात मोठा गोंधळ उडाला. माझा दीड वर्षाचा पुतण्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसून 'पाल, पाल' म्हणून ओरडत होता. आईने केरसुणी उचलली. मी कपाटामागे बॅटरी मारून पाहिले. पालीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात माझी भावजय आली आणि तिने दुधाचा पेला पुढे केला. पोर गप्प! तिच्या तमिळमध्ये 'पाल' म्हणजे दूध.

आम्ही पोट धरून हसलो. पण रात्री आईने मला बाजूला घेतले. "तू मास्तर माणूस. तिला सांग, पोराशी मराठीच बोल म्हणावं. दोन डगरींवर पाय ठेवून पोर अडखळेल." मी मोठ्या शहाणपणाने तसे सांगितले. ती खाली मान घालून "बरं, दादा" म्हणाली.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत घरात एकच भाषा होती आणि एक आई मुकी झाली होती. तिची मराठी इथे येऊन शिकलेली, बाजारहाटापुरती. 'जेव', 'नको', 'पडशील' एवढेच ती पोराशी बोले. पूर्वी त्याला न्हाऊ घालताना तिचे बोलणे संपत नसे. आता नुसता तांब्याचा आवाज येई. पोर 'पाल' म्हणाले की ती 'दूध म्हण' म्हणे आणि हळूच आमच्याकडे पाही. भाऊ चाकणच्या कारखान्यात. रात्रपाळी करून आला की दिवसभर झोपलेला.

वाचकहो, माझ्या सल्ल्याला आधार कोणता होता? काहीही नाही. ज्यूल रोंझा या फ्रेंच भाषापंडिताने १९१३ साली आपल्या मुलाच्या बोलण्यावर एक पुस्तक लिहिले, ते मला फार उशिरा कळले. बाप त्याच्याशी फ्रेंच बोले, आई जर्मन. मुलाने दोन्ही भाषा नीट उचलल्या. पण इतक्या लांब कशाला जायचे? माझी आई कौतुकाने 'वा!' म्हणाली की आमचे पोर टाळ्या पिटायचे. त्याची आई 'वा' म्हणाली की दुडदुडत तिच्याकडे जायचे, कारण तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. शब्द कोणाच्या तोंडचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. गोंधळलो होतो ते आम्ही मोठे.

मराठीची काळजी मीही वाहतो. पण घर आमचे, गाव आमचे, म्हणून एका बाईने आपल्या पोरावर माया कोणत्या शब्दांत करावी हे आम्ही ठरवायचे? पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची पतवंडे माझ्या वर्गात बसतात. पणजीची भाषा त्यांतल्या काहींना कळते, पण उत्तर ती हिंदीत देतात. त्यांच्यावर कोणी बंदी घातली नसेल. माझ्यासारख्याच कोणा हितचिंतकाने कधीतरी सल्ला दिला असेल.

"माझं चुकलं. तू तुझ्या भाषेत बोल," असे मी एकदाचे भावजयीला सांगितले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून तांब्याचा आवाज नीट ऐकू येईना.

परवा आईच पेला घेऊन नातवाच्या मागे फिरत होती. "घे रे बाळा, पाल घे," असे म्हणताना तिने एकदा भिंतीकडे पाहून घेतले.