चिठ्ठी कोणी न्यावी?

निजामी राज्यात उर्दूचा अंमल असताना १९०७ साली केशवराव कोरटकर प्रभृतींनी हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. मराठी शाळेचा एक लाभ क्वचितच सांगितला जातो: गुरुजींचा निरोप घरी आईलाही समजे. तो नेणारे मूलच असे. पाटी फुटली, फळा पुसण्याची पाळी चुकली, हे त्याला स्वमुखाने सांगावे लागे. घरापर्यंतच्या वाटेवर त्याचा स्वतःशी जो झगडा चाले, तो कोणत्याही धड्यात नव्हता.

आता निरोप मुलाच्या आधी पालकांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो, तोही बहुधा इंग्रजीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, हे योग्यच झाले. परंतु मोठ्यांच्या या संवादात मूल केवळ विषय म्हणून उरते. ज्याला लपविण्याची सोयच नाही, त्याच्या खरे बोलण्याला मोल काय?

मग मुलाने चिठ्ठी दडविली तर? दडवू द्यावी, असे माझे मत आहे; दोन दिवस थांबून शिक्षकांनी त्यालाच विचारावे. जेथे मार बसतो त्या घरची गोष्ट अर्थातच निराळी. तेथे शिक्षकांनी पालकांना बोलावून मुलाच्या देखत, त्याला शेजारी बसवून बोलावे.