दोन डगरींवर हात

तंबोरा आणि प्रेशर कुकर या दोन वस्तू आमच्या घरात एकाच महिन्यात आल्या, दोन्ही हप्त्यांवर. कुकरने पुढली तेहतीस वर्षे इमानेइतबारे शिट्ट्या मारल्या. तंबोऱ्याबद्दल असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होतो आणि रविवारी सकाळी गाणे शिकायला जात असे. कचेरीत मला सगळे 'बुवा' म्हणत आणि गाण्याच्या बैठकीत 'आपले अकाउंटंट'. म्हणजे दोन्हीकडची मंडळी मला पलीकडच्या पक्षात ढकलून मोकळी! बेरीज चुकली की साहेब म्हणत, "बुवा, सम गेली!" आणि सम गेली की गुरुजी म्हणत, "हिशेब तपासा!"

मी मात्र निश्चिंत होतो. माझ्यापाशी एक खणखणीत वाक्य होते : "नोकरी नसती ना, तर..." हे वाक्य मी कधी पुरे केले नाही. ऐकणारा भला माणूस असला तर तोच मनातल्या मनात पुरे करून घेई.

परवा रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडू का? पूर्ण वेळ गावंसं वाटतंय."

ती संगणकाच्या कंपनीत आहे. गळा माझ्यापेक्षा बरा आहे. (हे मत तिच्या आईचे.) मी घसा खाकरून वसंतराव देशपांड्यांना साक्षीला बोलावले. "लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली त्यांनी. आणि १९६७ साली 'कट्यार'मधला खाँसाहेब उभा केला!"

"पण त्याआधी नोकरी सोडली होती ना?"

मी तडक रशिया गाठला. बोरोदिन हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. १८६९ साली त्याने 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा लिहायला घेतला. १८८७ साली तो वारला तेव्हा अठरा वर्षांनंतरही ऑपेरा अपुराच. तो दुसऱ्यांनी पुरा केला. आमच्या कचेरीत याला प्रलंबित प्रकरण म्हणत.

"म्हणजे सोडू?"

"तसं नव्हे..."

"मग कसं? बरं, तू सोडली असतीस तर गवई झाला असतास?"

माझे वाक्य कोणी तरी मलाच पुरे करायला सांगत होते. वाढता वाढता हिचा हात थांबला. मी मनात आकडेमोड केली. कचेरी साडेदहाची. पहाटेचे पाच ते सात हे दोन तास सरकारने कधी मागितले नव्हते. तेहतीस वर्षांचे चोवीस हजार तास! त्यांतले खर्जाला किती गेले आणि पांघरुणाला किती, हे हिला ठाऊक आहे. सात वाजता मला हलवून उठवणारी हीच. रविवारी मी गुरुजींकडे जाई तेव्हा रॉकेलच्या रांगेत कोण उभे राही, हेही तिलाच ठाऊक.

"नाही," मी म्हणालो. "नसतो झालो. नोकरी माझ्या आड आली नाही. मीच तिच्या आडोशाला बसलो."

नोकरी ठेवण्यात पाप नाही, सोडण्यात पुण्य नाही. पण आपला आळस नोकरीच्या खात्यावर मांडायचा, ही हिशेबातली लबाडी झाली. आणि ती मी हिशेबनीस असून केली.

"हे मला पहिल्यापासून माहीत होतं," ही म्हणाली. "तुम्हाला आज कोणी सांगितलं?" आणि माझ्या पानात भात वाढला.

मुलीने तोडगा काढला : वर्षभर पहाटे गायचे, मग ठरवायचे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तंबोरा वाजला. पंचम उतरलेला. पांघरुणात मी पाच मिनिटे सोसले, मग उठून बाहेर गेलो आणि खुंटी पिळली.

"बस ना," ती म्हणाली.

बसलो. आवाज काही लागला नाही. आणि आता कारण सांगायला नोकरीही नव्हती.