सामान्य दिवस आणि समीक्षकाचा न्याय

आपल्याकडील नियतकालिकांत नव्या चित्रपटांचे परीक्षण आणि छोट्या आत्मपर कवितांचे परीक्षण ही दोन्ही कामे पुष्कळदा एकच व्यक्ती करीत असते. मीही ती केली आहेत. ती करताना आपल्या हाती एक नव्हे, दोन मापे असतात, ही गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. चित्रपटाविषयी लिहिताना आपण निःशंकपणे निकाल देतो : पटकथा सैल आहे, उत्तरार्ध रेंगाळतो, अमुक पात्र कचकड्याचे आहे. मात्र कोणी सकाळच्या चहावर, वडिलांच्या औषधाच्या वेळेवर, लोकलमधल्या परतीच्या प्रवासावर आठ-दहा ओळी लिहिल्या, की आपली भाषा एकाएकी मवाळ होते. ‘प्रामाणिक’, ‘हृद्य’, ‘अनुभवाशी इमान राखणारी’ अशी विशेषणे येतात आणि निकाल राहून जातो. या दुजाभावामागे सौजन्य आहे की न्यायबुद्धीचा अभाव? हा प्रश्न केवळ समीक्षापद्धतीचा नाही. तो नैतिक आहे, असे मला वाटते.

या दुजाभावाचे एक समर्थन नेहमी केले जाते. चित्रपटामागे भांडवल असते, अनेकांचे श्रम असतात, प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते. तो मुळातच जाहीर व्यवहार आहे. कविता एका माणसाने आपल्या जगण्यातून उचललेली असते. तिला उणे ठरविणे म्हणजे त्या माणसाच्या जगण्यालाच उणे ठरविणे होय. हे समर्थन वरकरणी उदार वाटते. वस्तुतः त्यात कविता आणि जगणे यांची गल्लत झालेली आहे. वडिलांचे आजारपण खरे आहे, एवढ्यावरून त्यावरची कविता खरी ठरत नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाल्या आणि शहरी जगण्यातील क्षुद्र, ओबडधोबड वस्तूंना मराठी कवितेत हक्काची जागा मिळाली. त्याच मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीचे मूल्य तिच्या विषयात नव्हे, तर लयबद्ध संघटनेत शोधले. आपण त्यांच्याकडून विषयांचे स्वातंत्र्य घेतले. त्यांचा प्रश्न मात्र मागे ठेवला.

अर्थात तो प्रश्न एकटा पुरेसा आहे, असेही मला म्हणावयाचे नाही. रोजच्या जगण्यावरील कवितेत घाट बिनचूक असूनही काही चुकलेले असू शकते. ते काय, हे कवितांपेक्षा चित्रपटांच्या सान्निध्यात अधिक स्पष्ट होते.

जिम जारमुश यांचा ‘पॅटर्सन’ (२०१६) हा चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. न्यू जर्सीतील पॅटर्सन या गावी त्याच नावाचा एक बसचालक राहतो आणि फावल्या वेळात वहीत कविता लिहितो. एका कवितेचा आरंभ काडेपेटीपासून होतो. चित्रपटातील त्याच्या कविता प्रत्यक्षात रॉन पॅजेट या अमेरिकन कवीच्या आहेत. बायको त्याला वहीच्या प्रती काढून ठेवण्यास सुचविते; तो टाळत राहतो. शेवटी घरचा कुत्रा ती वही फाडून टाकतो आणि एक जपानी कवी त्याला कोरी वही देऊन जातो. या माणसाच्या कवितांचे मूल्यमापन करण्याचा अधिकार कोणाला आहे? माझ्या मते, वही फाटेपर्यंत तरी कोणालाही नाही. ज्या कवितेने वाचक मागितलेला नाही, तिच्याकडे समीक्षकाने जाणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणे होय.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटात (कान महोत्सव, ग्रां प्री, २०२४) हाच प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या प्रभाला तेथलाच एक डॉक्टर आपल्या कवितांची वही देतो. ती रात्री, एकटीच, ती वाचते. ही कविता चांगली आहे की सामान्य, असा विचार त्या क्षणी कोणाच्याही मनात येत नाही, आणि येऊही नये. तिला एकच वाचक आहे आणि ती कविता त्या वाचकासाठीच आहे. ‘पॅटर्सन’मधील कविता शून्य वाचकांची, ही एका वाचकाची. दोन्ही ठिकाणी समीक्षेला प्रवेश नाही.

यावरून एक सीमारेषा आखता येते. कविता आत्मपर आहे की नाही, हा समीक्षकाच्या अधिकाराचा निकष नव्हे. ती प्रसिद्ध केली आहे की नाही, हा निकष होय. छापलेल्या कवितेने अनोळखी वाचकाकडे त्याची काही मिनिटे मागितलेली असतात. त्या मागणीबरोबर ती चित्रपटाच्याच रांगेत येऊन उभी राहते. तिकिटाचे पैसे नसले, तरी मोबदला असतोच, तो लक्षाचा.

याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. आत्मपर कविता केवळ ‘मी’ची नसते. तिच्यात आई असते, बायको असते, भांडी घासायला येणारी बाई असते, लोकलमध्ये समोर झोपी गेलेला मजूर असतो. यांपैकी कोणालाही विचारलेले नसते. चित्रपटाला ही सोय नाही. तेथे कॅमेरा उभा करावा लागतो, घरात शिरावे लागते, माणसांना आपल्यासमोर बसवावे लागते. दुसऱ्याच्या जगण्याला हात लावल्याची जाणीव निर्मितीच्या प्रक्रियेतच अटळ होते. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ (२०२३) पाहताना हे तीव्रतेने जाणवते. विदर्भातील एका खेड्यातली सविता दाखविण्याच्या कार्यक्रमांना पुन्हापुन्हा सामोरी जाते. तेच आसन, तेच प्रश्न, त्याच पुरुषांच्या नजरा. पुनरावृत्ती हीच या चित्रपटाची रचना आहे आणि तेच त्याचे नैतिक विधानही आहे. पहिल्या खेपेस आपण सवितेकडे पाहतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आपणही त्या पाहणाऱ्यांच्या पंगतीत बसलो आहोत, हे ध्यानी येते. दुसऱ्याच्या जगण्याकडे पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न चित्रपट स्वतःलाच विचारतो. छोट्या आत्मपर कवितेने हा प्रश्न स्वतःला क्वचितच विचारला आहे. अनुभव माझा आहे, एवढ्या भांडवलावर ती निर्धास्त असते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला एक कविता दाखविली. ती एका दिवाळी अंकात छापून आलेली होती. आई रात्री भांडी घासते, नळाचा आवाज येतो आणि मुलाला झोपेत तो आवाज अंगाईसारखा वाटतो, असा तिचा आशय होता. घाट नेटका, प्रतिमा सहज. मी ‘छान आहे’ म्हणालो. घरी परतताना ते शब्द मला खोटे वाटू लागले. आईचे श्रम त्या कवितेत मुलाच्या सुखाचे साधन झाले होते. नळाखालचे तिचे हात कवितेत कोठेच नव्हते. होता तो फक्त त्याच्या कानावर येणारा आवाज. ही उणीव भावनेची नव्हती, दृष्टीची होती. आणि ती सांगण्याचे मी टाळले, कारण ‘त्याच्या आईवरची कविता’ या शब्दांनी माझे तोंड बांधले होते. हेच दृश्य एखाद्या नव्या चित्रपटात असते, तर मी परीक्षणात ते निःसंकोच लिहिले असते.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, अशा दलित, स्त्रिया, कष्टकरी यांच्या रोजच्या जगण्यावरील पहिल्या उच्चारापुढे निकालाची भाषा करणे, हे पुन्हा त्यांचे तोंड बंद करणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मराठी समीक्षेने नितळ कलामूल्याच्या नावाखाली असे अन्याय केलेले आहेत. परंतु त्यावरचा उपाय निकालमुक्ती नव्हे. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्यावे. त्यांचे निधन १९५१ साली झाले आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. निरक्षर शेतकरी स्त्रीने रचली म्हणून ती गाणी टिकली, असे म्हणणे हा बहिणाबाईंचा सन्मान नाही; तो त्यांच्या प्रतिभेवर केलेला उपकाराचा शेरा आहे. त्या टिकल्या त्या कोणत्याही कवीला लागू होणाऱ्या कसोटीवर. एखाद्याला कसोटीतून सूट देणे म्हणजे त्याला संवादातून वगळणेच होय. फरक एवढाच, की हे वगळणे गोड बोलून केलेले असते.

उलट दिशेनेही न्याय करावयास हवा. चित्रपटामागे पैसा आहे, एवढ्यामुळे त्याच्याविषयी निर्दय होण्याचा परवाना मिळत नाही. छोट्या कवितेकडून परीक्षकाने एक गोष्ट शिकून चित्रपटाकडे न्यावी : लहान वस्तूपाशी थांबण्याची सवय. कपाडियांच्या चित्रपटात जर्मनीहून एक भात शिजविण्याचे यंत्र येते. अनेक दिवसांत एका शब्दानेही न भेटलेल्या नवऱ्याचे ते अस्तित्व. प्रभा त्याला मिठी मारते. कथानकाचा सारांश लिहिणाऱ्या परीक्षणात हे यंत्र एका वाक्यात निकालात निघते. कविता वाचण्याची सवय असलेला परीक्षक तेथे थांबतो आणि चित्रपटाचे वजन नेमके कोठे आहे, हे त्याला दिसते.

तेव्हा दोन मापे नकोत. माप एकच असावे आणि त्यात दोन प्रश्न असावेत. रोजच्या जगण्यातील ही वस्तू येथे खरोखर दिसली आहे काय? आणि ती दिसावी म्हणून दुसरे कोणी झाकले गेले आहे काय? चित्रपट असो वा आठ ओळींची कविता, प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक कृतीला हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा समीक्षकाला अधिकार आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. सौजन्य हवेच, पण ते प्रश्न विचारण्याच्या रीतीत असावे. प्रश्न गाळण्यात नसावे.

त्या विद्यार्थ्याला मी पुढे बोलावून घेतले आणि त्याच्या कवितेत आईचे हात कोठे आहेत, एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तेव्हा मी झोपलेलो होतो.” मला वाटते, त्याची कविता त्या उत्तरापासून सुरू व्हावयास हवी होती.