जाणणे आणि उपसणे

प्रवरेकाठच्या आमच्या बेलापुरात विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची चाल जुनी आहे. तळहातावर नारळ अगर हाती दुबेळकी काठी घेऊन तो शेतातून फिरतो आणि पायाखालच्या काळ्या कातळात पाणी कोठे आहे ते सांगतो. त्याची विद्या खरी की खोटी हा प्रश्न निराळा. न दिसणाऱ्याचा ठाव घेण्याची मनुष्याची ओढ मात्र खरी.

त्याच ओढीचे शास्त्रीय रूप अंटार्क्टिकाच्या हिमस्तरावर दिसते. विमानातून सोडलेल्या रडारच्या लहरी थंड बर्फातून सेकंदाला सुमारे १,७०,००० किलोमीटर वेगाने खाली जातात व तळावर आपटून परततात. परतण्यास लागलेल्या वेळावरून बर्फाची जाडी कळते. तळाशी खडक नसून पाणी असेल, तर प्रतिध्वनी अधिक ठळक व सपाट येतो. व्होस्तोक ठाण्याखाली जवळजवळ ४ किलोमीटरांवर सरोवर असल्याचा सुगावा १९७० च्या दशकात असाच लागला. लहरींनी ते जाणले; पाण्याचा एक थेंबही हलला नाही.

पुढे तेथे भोक पाडणे आले. ते बुजू नये म्हणून त्यात केरोसीन व फ्रीऑन भरले होते. युगानुयुगे जगापासून अलग राहिलेले पाणी त्याने दूषित होईल, या भीतीने १९९८ साली सरोवर सुमारे १३० मीटर खाली असता काम थांबले. अखेर २०१२ च्या फेब्रुवारीत रशियन शास्त्रज्ञांनी पाणी गाठले. परंतु भोकात वर चढून गोठलेल्या त्या पाण्यात जीव शोधताना केरोसिनाचीच भेसळ आड आली.

हे वाचताना मला माझे शेत आठवते. काही वर्षांपूर्वी यंत्राने दाखविलेल्या जागी मी बोअर घेतला. पाणी भरपूर लागले. पुढल्याच उन्हाळ्यात बांधापलीकडच्या शेतकऱ्याची विहीर आटली. तो भांडला नाही. “मास्तर, पाणी गोड लागलं का?” एवढेच त्याने विचारले. जमीन माझी, पैसा माझा, हे माझे समर्थन त्या प्रश्नापुढे टिकेना.

भोकावाचून सरोवरातले पाणी हाती आले नसते, बोअरवाचून पीक उभे राहिले नसते, हेही खरेच. तेव्हा हात लावूच नये, असे मी म्हणत नाही. पण ‘तेथे आहे’ या ज्ञानातून ‘म्हणून ते माझे आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, तोवर आपल्या अज्ञानानेच त्या पाण्याची राखण केली. ज्ञान झाल्यावर तीच राखण आपल्या संयमाने करावयाची असते.

आता माझा पंप आठवड्यातून दोन दिवस त्याच्या शेताकडे वळतो. ऋण फिटले, असे मात्र मला वाटत नाही.