संयम एकट्याचा की संगतीचा?

वजन उतरविणे हा विषय परमार्थाच्या मासिकात कशासाठी, असे कोणी म्हणेल. देह जाणाराच आहे. तो ऐंशी किलोंचा गेला काय आणि साठ किलोंचा गेला काय! कीर्तन संपल्यावर हे मला पुष्कळांनी ऐकविले आहे, आणि ऐकविणाऱ्यांपैकी निम्म्यांना उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागत होता. वाचकहो, देह नश्वर आहे हे खरेच. पण नश्वर आहे म्हणून तो बिघडवावा, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? भाड्याचे घर एक दिवस सोडायचे असते. म्हणून भाडेकरूला भिंती पाडण्याचा अधिकार मिळत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योगाच्या बाहेर बसविले आहे. एवढ्याने ही शंका मिटते. तिच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरी अडचणीची शंका दुसरी आहे. ती मला एका निवृत्त गुरुजींनी विचारली. ते म्हणाले, "महाराज, डॉक्टरांनी साखर सांगितली आहे, वजन दहा किलोंनी उतरवा म्हणतात. आम्ही सहाजण मिळून रोज पहाटे चालतो, खाण्याचे नियमही एकमेकांना सांगून पाळतो. त्यांच्यात असलो म्हणजे जिलबी पुढे आली तरी मी सहज नको म्हणतो. घरी एकटा असलो की हात आपोआप डब्याकडे जातो. मग माझ्या त्या नको म्हणण्याला संयम म्हणायचे की नुसती लोकलाज?"

प्रश्न साधा नाही. पूर्वपक्ष असा की, संयम म्हणजे स्वतःच्या मनाला स्वतःच आवरणे. शिपाई उभा आहे म्हणून चोराने हात मागे घेतला, तर त्याला कोणी साधू म्हणत नाही. तसे पाचजणांच्या डोळ्यांच्या धाकाने जो जिलबी सोडतो, त्याने जिलबी सोडलेलीच नाही. फक्त पुढे ढकलली. वजन कदाचित उतरेल, पण माणूस होता तिथेच राहील. युक्तिवाद बिनतोड वाटतो, नाही का?

आता एक उदाहरण पाहू. ते आपल्या देशातले नाही, अमेरिकेतले आहे. पण माणसाची जीभ सगळीकडे सारखीच. न्यूयॉर्क शहरात क्वीन्स नावाच्या भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी राहात होती. वजन सुमारे ९७ किलो. बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने तिला गरोदर समजून दिवस विचारले, तेव्हा ती मनात फार खजील झाली. शहराच्या आरोग्यखात्याने चालविलेल्या दवाखान्यात गेली, तिथे खाण्याचा नेम मिळाला. नेम चांगला होता. पण ही बाई रात्री लपवून ठेवलेली बिस्किटे खाई, आणि दवाखान्यात त्याचा उच्चार करीत नसे. वजन काही केल्या हवे तसे उतरेना. अखेर १९६१ साली तिने सहा मैत्रिणींना घरी बोलाविले आणि त्या बिस्किटांची गोष्ट त्यांच्यापुढे सांगून टाकली. गंमत अशी, की ऐकणाऱ्या बायकांजवळही आपापली लपविलेली बिस्किटे होतीच! त्याही बोलू लागल्या. दर आठवड्याला बैठक होऊ लागली. १९६२ साल संपण्याआधी तिचे वजन ६४ किलोंच्या आसपास आले. १९६३ साली त्यातून वेट वॉचर्स ही संस्था निघाली, पुढे तिचा मोठा व्यापार झाला, आणि १९७८ साली ती टोमॅटोची चटणी विकणाऱ्या हाइन्झ कंपनीने विकत घेतली. खाऊ घालणाऱ्यानेच उतरविण्याचेही दुकान घेतले! असो, व्यापाराची रीत तशीच. आपल्याला त्या पहिल्या बैठकीशी कर्तव्य आहे.

त्या बैठकीत काय घडले? दवाखान्यातही पाहणारे डोळे होतेच की. तिथे धाक होता, पण धाकाने बिस्किटे सुटली नाहीत, नुसती लपली. मैत्रिणींत धाक नव्हता. समोरचा माणूस आपल्याच नावेत बसलेला होता. म्हणजे पूर्वपक्षाने शिपाई आणि सोबती यांना एकच धरले, तिथे त्याचे चुकले. शिपायापुढे मनुष्य लपवितो, सोबत्यापुढे उघडा होतो. वेदान्तात ज्याला साक्षी म्हणतात, तो पाहतो पण दंड करीत नाही. लौकिकात असा साक्षी फार क्वचित लाभतो.

धाकाचा विषय निघाला म्हणून स्थूल माणसाच्या निंदेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण आपल्या मंडळींतही ही खोड आहे. कोणी जाडजूड गृहस्थ पंगतीत बसला की वाढपी हसतो, शेजारचा डोळा घालतो. वर शास्त्राचा आधार देतात की, चरकांनीच अतिस्थूलाला निंदित म्हटले आहे. म्हटले आहे खरे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात आठ निंदित शरीरे सांगितली आहेत. पण ती आठ कोणती, हे तरी पाहा. अतिउंच, अतिठेंगू, अतिकेसाळ, अजिबात केस नसलेला, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. उंच असणे हे काय पाप आहे? तिथे निंदा शरीराच्या ठेवणीची आहे, माणसाच्या नीतीची नव्हे. पुढे स्थूलतेची कारणे दिली आहेत, त्यांत अतिखाणे, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायाम नसणे, दिवसा झोपणे ही तर आहेतच. पण त्याच यादीत बीजस्वभावही आहे. आईबापांकडून आलेली ठेवण म्हणजे बीजस्वभाव. आजचे वैद्यकही तेच सांगते, आणि आणखी एक सांगते: वजन उतरू लागले की शरीर भूक वाढविते आणि खर्च आवरते, जणू गेलेले परत मिळविण्याच्या मागे लागते. तेव्हा उतरलेले वजन पुन्हा चढले, तर ते सर्व आळशीपणाचे फळ असे म्हणणे अज्ञान आहे. कोणाला डॉक्टर औषध देतील, २०२५ पासून आपल्याकडे यासाठी आठवड्याची सुईही मिळू लागली आहे. ज्याला गरज आहे त्याने वैद्याच्या सल्ल्याने ती घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

मात्र बीजस्वभावाच्या आड लपून ताट भरायचे, हेही खरे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही लोकांची संख्या दहा कोटींच्या वर आहे. दहा कोटी घरांचे बीज एका पिढीत बदलले काय? बदलले ते ताट, आणि थांबले ते पाय.

ताटाचेच पाहा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपण हसत हसत म्हणतो आणि तशीच जगतो. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे, हिरवी मिरची, ह्यांतला एकही जिन्नस ज्ञानोबारायांच्या काळी ह्या भूमीत नव्हता. हे सगळे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यावर इकडे आलेले. माउलींच्या काळची एकादशी खिचडीवाचूनच होत होती, बरे का! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात कूट आणि तूप पडले की ताटलीभर खिचडीत चारशे कॅलरी सहज भरतात. सत्तर किलोंचा मनुष्य एक किलोमीटर चालला तर पन्नास-साठ खर्च होतात. म्हणजे एक ताटली जिरवायला सात-आठ किलोमीटर! आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. ठोकळ हिशेबाने सगळी वारी पायी केली तरी दोन किलो चरबीही पुरती जळत नाही, आणि वाटेत जागोजाग चहा, लाडू, भजी, शिरा यांचे अन्नदान चाललेले. वारी करूनही वजन वाढून येते, त्याचे कारण हे आहे. चालण्याने गुडघा, हृदय, रक्तातली साखर, झोप सर्वांना लाभ आहे, त्याविषयी शंकाच नको. पण नुसत्या चालण्यावर भरवसा ठेवून ताट सैल सोडले, तर जमाखर्च जुळत नाही.

चरकांनी स्थूलासाठी जे अन्न सांगितले, ते असे की पोटाला जड पण अंगाला न पोसणारे. जव, सावे, कोदरा, मूग, कुळीथ. पोट भरल्यासारखे वाटावे, पण भार वाढू नये. आज तंतुमय अन्नाविषयी सांगतात ते ह्याहून फार निराळे नाही. आणि वाग्भटांनी पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूसाठी रिकामा ठेवण्यास सांगितले. आपल्या पंगतीत त्या चौथ्या भागावर वाढपी टपून बसलेला असतो.

आग्रह करणे म्हणजे प्रेम, अशी आपली समजूत. त्या प्रेमाने किती जणांचे व्रत मोडते ह्याचा विचार कोणी करीत नाही. प्रसाद कणभर घेतला तरी तो पुरा प्रसाद असतो. द्रोणाच्या आकारावर त्याचे पुण्य मोजलेले नाही. अन्नाची निंदा करू नये हे तैत्तिरीय उपनिषदात व्रत म्हणून सांगितले आहे, हे मला कोणी ऐकवील. पण नको म्हणणे ही निंदा नव्हे. ज्याला नको आहे त्याच्या पानात बळेच वाढून ते उकिरड्यावर जाऊ देणे, ही अन्नाची निंदा.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो असता तिथल्या हरिपाठाच्या बायकांची रीत पाहिली. काकड्यानंतर दहा-बाराजणी कालव्याच्या कडेने तासभर चालून येतात. चालताना घरचे बोलतात, रात्री काय जेवलो तेही सांगतात. त्यांच्यातली एक बाई लेकीच्या लग्नात सगळे नेम मोडून बसली आणि लाजेने महिनाभर आलीच नाही. सगळ्या मिळून एके दिवशी तिच्या दारात गेल्या. "मावशी, चपला घाला, उजाडायला लागलंय," एवढेच म्हणाल्या. किती खाल्ले, किती वाढले, कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. मी विचारले, "तुम्ही तिला काहीच बोलला नाहीत?" तर त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आता काय बोलायचं, महाराज? तिला ठावं नाही का?" ह्या उत्तरापुढे माझे न्यायशास्त्र थिटे पडले.

आता मूळ शंकेकडे वळू. संकल्पाची आपली रीत आठवा. व्रत धरणारा देश, काल, स्वतःचे नाव-गोत्र उच्चारून, हातात पाणी घेऊन, मोठ्याने संकल्प करतो. मनातल्या मनात का करीत नाही? मनातला संकल्प मनालाच ठाऊक, आणि मन हा मोठा लबाड साक्षीदार आहे. म्हणजे शास्त्राने संयम हा आरंभापासूनच चारचौघांत धरला आहे. दिंडीतही पाहा, दिवेघाट चढताना एकट्याचा पाय पहिल्या वळणावर बसतो. टाळाच्या ठेक्यात तोच पाय वर पोहोचतो. पाय त्याचाच आहे, दुसऱ्या कोणी त्याला उचलून नेले नाही. तेव्हा ते चढणे त्याचे नव्हे, असे म्हणता येईल काय?

राहिला एकांतातला डबा. तिथे अभ्यास हाच उपाय. मनाला आवरण्यासाठी भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य ही जोडी सांगितली, तीत अभ्यासाला पहिले स्थान दिले आहे. वर्षानुवर्षे संगतीत नको म्हणता म्हणता ती संगत हळूहळू आत उतरते, आणि डब्यापाशी उभे असतानाही पहाटेच्या सोबत्यांचा आवाज कानी येतो. सर्वांच्या बाबतीत असे होतेच, असे मी म्हणणार नाही. काहींना जन्मभर बाहेरची सोबत लागते. लागेना का! वारी एकदा करून कोणी थांबत नाही. अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या प्रयोगाचा निकाल लागला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना वजन सात टक्के उतरविण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे ध्येय दिले, त्यांना शिकवायला व विचारपूस करायला माणसे ठेवली. मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोंच्या माणसाचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. शरीर पार पालटायचे नव्हते, थोडेच उतरायचे होते. पण विचारणारे कोणी तरी लागले.

म्हणून फडकरी आणि दिंडीचालक मंडळींना एक विनंती आहे. येत्या एकादशीला खिचडीच्या जोडीला वरीचा भात, ताक आणि फळे ठेवावी. खिचडी एकदाच वाढावी, दुसऱ्यांदा मागितली तर द्यावी, पण आपण होऊन पानाशी उभे राहू नये. ज्यांना साखरेची गोळी किंवा सुई चालू आहे, त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे, हे विणेकऱ्यांनी आदल्या रात्री सर्वांना सांगावे. आणि चहाच्या दोन किटल्या असाव्यात. बिनसाखरेची किटली मागच्या ट्रकमध्ये लपविलेली नको. दुसरीच्या शेजारी, तशीच चकचकीत, पुढे मांडलेली असावी.