वैमानिक पुत्राची आठवण : देव की माणूस?



घरातला तरुण युद्धात गेला व परत आला नाही, तर घरच्यांनी त्याची आठवण कशी ठेवावी? प्रश्न साधा वाटतो. परंतु तो बाँबफेकी विमानातला असेल तर प्रश्न साधा राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडमधून सुमारे १,२५,००० जवान उडाले. त्यांपैकी ५५,५७३ मेले. सारे स्वेच्छेने उडणारे, बहुतेक विशी-बाविशीतले. कित्येकांचा देहही मिळाला नाही. टेम्स नदीकाठी रनीमीड येथे १९५३ साली उभ्या राहिलेल्या स्मारकावर हवाई दलाच्या अशा वीस हजारांहून अधिक बेपत्तांची नावे कोरली आहेत. आईला हात फिरवायला दगडावरचे नाव तेवढे उरले.

आता दुसरी बाजू पाहा. फेब्रुवारी १९४२ मध्ये वरून हुकूम निघाला की, शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य हेच लक्ष्य समजावे. जुलै १९४३ मध्ये हँबुर्ग जळाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन येथे ब्रिटिश व अमेरिकन विमानांच्या हल्ल्यांत सुमारे २५,००० माणसे मेली. त्यांत बायका होत्या, मुले होती, म्हातारी माणसे होती.

तुम्ही म्हणाल, हिटलरला पाडायलाच हवे होते. खरे आहे. पण युद्ध न्याय्य होते एवढ्याने त्यातले प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाही. तो हुकूम त्या पोराने काढला नव्हता, हेही खरे. धीर खचून उडायला नकार देणाऱ्याच्या कागदावर नामर्दपणाचा शिक्का बसे. तरीही बाँब सोडणारा हात माणसाचाच होता.

म्हणून कोणी त्याला देव करतो, कोणी खुनी म्हणतो. दोघेही विचार करण्याचे टाळतात. देव केला की प्रश्न विचारता येत नाही; खुनी म्हटले की आईचे दुःख दिसत नाही. त्याला माणूस म्हणून आठवणे हेच कठीण आणि हेच योग्य.

ते कसे करावे? लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली बाँबर कमांडचे स्मारक झाले. १९३९ ते १९४५ या काळात बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही तेथे स्मरण केले आहे. घरच्यांनाही हे करता येते. कोणत्या रात्री कोणत्या शहरावर विमाने गेली याच्या तुकडीवार नोंदी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्मृतिदिनी त्याची पत्रे वाचावीत, त्याचे नाव घ्यावे, आणि त्या शहराचेही नाव घ्यावे. तिथेही कोणी आई आपल्या लेकराला शोधत होती, हे मुलांना सांगावे.

याने आपले दुःख कमी होत नाही. पण दुसऱ्याचे दुःख झाकून ठेवलेली आठवण अर्धीच असते. अर्ध्या आठवणीवर वाढलेली मुले पुढच्या युद्धाला सहज टाळ्या वाजवतात. तेव्हा तुमच्या घरी गेलेल्या माणसाची गोष्ट सांगाल, तेव्हा ती पुरी सांगा.